न दिसलेला थवा

माझी नजर कधीच गेली नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला जन्म गेला, आणि ज्यांनी ते ऐकायला हवं होतं त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही. तेव्हा हे लिहून कुणाचं भलं होणार आहे अशातला भाग नाही. माझं तर नाहीच. पण खाई त्याला खवखवे म्हणतात, त्यातली गत आहे.

आमची वाडी तारकर्लीच्या किनाऱ्याला. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये माडांची पट्टी आणि तिच्यात आमची घरं. वाडीची एक रांपण होती. रांपण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत सोडत पाण्यात जाते, माशांच्या थव्याला वळसा घालते आणि दुसरा दोर घेऊन परत वाळूला लागते. मग दोन्ही दोरांना वाडीतलं माणूस न् माणूस लागतं. जो ओढेल त्याला वाटा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, विधवांना आणि बाळंतिणींना न ओढताही वाटा. देवाचा वेगळा. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि तरी ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

पण जाळं कुठे आणि कधी टाकायचं हे सांगायला एक माणूस लागतो. किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर उभा राहून तो दिवसभर पाणी बघतो. थवा दिसला की डोक्याचा पांढरा कपडा सोडून फिरवतो, आणि मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपीत, सावलीला आडवी झालेली पन्नास-साठ माणसं उठून धावत सुटतात. हे काम आधी माझ्या वडिलांचं होतं. त्यांच्यानंतर थोरला भाऊ तांडेल झाला, म्हणजे होडीचा आणि जाळ्याचा मुख्य, आणि बघायचं काम माझ्याकडे आलं. दादाला वडिलांचे खांदे मिळाले, मला डोळे. वडिलांनी काम हातात देताना एवढंच सांगितलं होतं, "दिसलो की कपडो फिरवायचो. इचार करीत बसाचा नाय. डोळे तुझ्या तोंडार आसत, पन ते तुझे न्हय. वाडीचे आसत."

मासा दिसतो म्हणजे मासा दिसत नाही, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगणं कठीण. बांगड्यांचा थवा असला की पाणी बारीक शहारतं. तारल्यांवरचं पाणी तेलकट होतं आणि वर पक्ष्यांची झुंबड उडते, ते तर आंधळ्यालाही कळेल. रावसाचं तसं नाही. रावस तळाला धरून चालतो. त्याच्यावर पक्षी बसत नाहीत, पाणी शहारत नाही. पाण्याचा रंग एका जागी जरासा मळतो, आणि तो मळ वाऱ्याच्या उलट सरकायला लागतो. एवढंच. वाडीत हे माझ्याशिवाय कुणालाही दिसत नसे, आणि मला ते ठाऊक होतं. इथूनच सगळं बिघडलं असं म्हणायला हरकत नाही.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता त्या सुमाराला एक गोरा साहेब आमच्याकडे यायला लागला. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. देश स्वतंत्र झाला तरी हा आपला इथेच राहिलेला. दिवाळी झाली की बोटीने मालवणला उतरायचा, डाकबंगल्यावर मुक्काम टाकायचा आणि रोज सकाळी तारकर्लीला हजर. बरोबर बांबूच्या तीन बारीक काठ्या, आणि एका डबीत कोंबड्याच्या पिसांचे बोटभर मासे. गळाला कोळंबी नाही, तारली नाही, काही नाही. नुसतं पीस. तो दोरा डोक्यावरून मागे टाकायचा, तो मागे सरळ झाला की पुढे सोडायचा. बायका नऊवारी झटकून दोरीवर टाकतात ना, तसा तो दोरा पाण्यावर पडायचा. अख्खी वाडी बघायला जमली होती. "पिसा खावन मासो जगता काय रे?" असं एका म्हातारीने विचारलं, आणि साहेब काही न कळता तिच्याकडे बघून हसला.

त्या पिसाला मासा लागायचा असेल तर ते त्याच्या तोंडासमोरच पडायला हवं. म्हणजे मासा आधी दिसायला हवा. साहेबाला दिसत नव्हता. त्याने चौकशी केली आणि लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दादाने परवानगी दिली ती एका अटीवर. "जा. होडयेतसून तुका बरा दिसतला. पन थवो दिसलो तर आधी आमका. मगे तुझो साहेब." मी म्हटलं, ह्यात सांगायचं काय आहे. आणि म्हणताना ते मला खरंच वाटत होतं.

अशी माझी चार वर्षं गेली. आता कुणीतरी मला सांगितलं की परदेशात मासा दाखवून द्यायचा हा मोठा धंदा आहे, त्याला नाव आहे, त्या माणसांचे फोटो छापून येतात. मला वाडीत "साहेबाचो माणूस" म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. मी छोट्या होडीच्या मागच्या टोकाला बांबू टेकत उभा, साहेब पुढच्या टोकाला काठी घेऊन उभा. साहेबाची रीत अशी की मासा कुठे आहे ते घड्याळाच्या आकड्यांवर सांगायचं. होडीचं नाक म्हणजे बारा. आमच्या सात पिढ्यांत कुणी घड्याळ बांधलेलं नव्हतं. पहिले काही दिवस तो "तीन बजे?" म्हणून विचारायचा आणि मी सूर्याकडे बघून सांगायचो की अजून नऊपण झाले नाहीत. शेवटी आम्ही आमचीच रीत केली. मालवणचा किल्ला, देऊळ, खाडी, माड, ह्या खुणा; आणि अंतर वावांत, म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढ्या मापात. मी म्हणायचो, "साहेब, देवळाकडे, चार वाव," आणि पुढच्या क्षणाला पीस देवळाच्या दिशेने चार वावांवर पडलेलं असायचं. माणूस हुशार होता, नाही म्हणणार नाही.

त्याच्याकडे एक काळा चष्मा होता. तो लावला की पाण्यावरची चकाकी पुसली जाई आणि तळाची वाळू दिसे. तो मला घालायला द्यायचा. मी त्याची पिसं बांधायला शिकलो, आणि आमच्या घरच्या पांढऱ्या कोंबड्याची शेपटी त्या चार वर्षांत धड वाढली नाही. बायको म्हणायची, "तुमच्या साहेबापायी माझो कोंबो नागडो झालो."

खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडायला लागले होते. वाडीत मी बघायचो ते कुणी बघणं मानतच नव्हतं. जाळं भरून आलं की दादाची वाहवा. रिकामं आलं की "बघणाऱ्याचा लक्ष खंय होता?" बारा वर्षांत मला कुणी म्हटलं नाही की तुझे डोळे चांगले आहेत. साहेब मात्र मी दाखवलेल्या जागी मासा लागला की मागे वळून टोपीला हात लावायचा. भर उन्हात तासन् तास उभा राहिलेला मी तेवढ्यावर खूश असायचो. माणूस किती स्वस्त असतो हे मला त्या वयात कळत नव्हतं.

साहेबाला एकच ध्यास होता. पिसावर मोठा रावस धरायचा. दुसऱ्या वर्षी एक लागला होता. खडकांकडे धावला, मी म्हटलं, धावू दे, दमेल. तो खडकांत शिरला, दोरा कालवांवर घासला आणि तुटला. सांगणं माझं चुकलं होतं. साहेब एक शब्द बोलला नाही. होडीत बसून हातातल्या तुटक्या दोऱ्याकडे बघत राहिला. त्याचं ते न बोलणं मी दोन वर्षं मनात घेऊन फिरलो.

चौथ्या वर्षी तो आला तो सांगतच आला की हे शेवटचं, आता कायमचा आपल्या देशी जाणार. आणि ते वर्ष आमच्याकडे काळं होतं. समुद्र उघडल्यापासून मासळी किनाऱ्याला लागलीच नव्हती. रांपण टाकायची, ओढायची आणि शेवाळ झटकून वाळत घालायची. घराघरांत पेज आणि मीठ. दादाची धाकटी सून तेव्हा बाळंत होती, तिलाही पेजच. दादा माझ्या उंचवट्याखाली येऊन उभा राहायचा. नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. तो जो बघायचा, ते मला सहन व्हायचं नाही. मग सकाळी साहेब आला की मी सुटल्यासारखा होडीत चढायचो.

साहेबाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारच्या बोटीने तो निघणार होता. वारा पडलेला, पाणी काचेसारखं. आम्ही किनाऱ्यापासून फार लांब नव्हतो. मांगरात झोपलेल्या माणसांचे पाय मला होडीतून दिसत होते. आणि मालवणच्या बाजूने, तळाला धरून, तो मळका रंग सरकत आला.

एवढा मोठा थवा मी आयुष्यात दोनदाच पाहिला. वीस-पंचवीस होड्या शेजारी शेजारी लावाव्यात एवढी त्याची रुंदी. माझा हात आपोआप डोक्याकडे गेला, मी कपडा सोडला. तो माझ्या हातात होता, हे मला पक्कं आठवतं. फिरवला असता तर माणसं धावली असती, मोठी होडी पाण्यात लोटली गेली असती, वल्ह्यांचा आवाज झाला असता, आणि साहेबाच्या रावसाचं संपलं असतं. साहेबाने मला काही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्याने विनवलं होतं. नव्हतं विनवलं. त्याला अजून काही दिसलंसुद्धा नव्हतं. मी विचार केला. वडिलांनी सांगितलं होतं विचार करायचा नाही, तो मी केला. म्हटलं, थवा किनाऱ्याला समांतर चालला आहे, घाईत नाही. आधी एक मासा, मग कपडा. दोघांचंही होईल.

मी कपडा पायाखाली टाकला आणि हळूच म्हटलं, "साहेब, किल्ल्याकडे. सहा वाव."

पहिल्यांदा पीस अलीकडे पडलं. दुसऱ्यांदा बरोबर पडलं पण कुणी विचारलं नाही. तिसऱ्यांदा काठी वाकली ती पार पाण्याला टेकली. मासा खोल पाण्याकडे सुटला, काठीवरची दोऱ्याची चक्री किंचाळत होती, आणि मी बांबू टेकत टेकत होडी त्याच्या मागे नेत होतो. ह्या वेळी मी खडक डावीकडे ठेवले. कधी सोडायचं, कधी ओढायचं, सगळं मी सांगत होतो आणि साहेब पोरासारखा ऐकत होता. शेवटी तो रावस होडीच्या कडेला आडवा झाला. माझ्या मांडीएवढा जाड, चांदीचा, कल्ल्यांपाशी सोनेरी. मी हसत होतो. माझ्या लग्नातही मी इतका आनंदात नव्हतो, आणि हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते तसं होतं.

मग साहेबाने माशाच्या तोंडातून गळ काढला, त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, आणि पुढे-मागे हलवायला लागला. मला आधी कळेना हे काय चाललं आहे. कळलं तेव्हा मी म्हटलं, "साहेब, नको."

"बहुत अच्छा लडा," तो म्हणाला. "जाने दो उसको." आणि हात उघडले.

त्या माशात चार घरं जेवली असती. मी पाण्याकडे बघितलं. थवा नव्हता. आमच्या त्या झटापटीत तो बिचकून खोल पाण्यात वळला होता. मी कपडा उचलला तो ओला झालेला. आणि किनाऱ्याकडे बघितलं तर दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. साहेबाने मासा सोडताना त्याने पाहिलं होतं. कपडा हातात धरून मी तसाच उभा राहिलो. होडी किनाऱ्याला लागायच्या आत दक्षिणेकडच्या वाडीतून ओरड ऐकू आली. त्यांच्या बघणाऱ्याला दिसलं होतं. थवा पुढे जाऊन परत किनाऱ्याला वळला होता, आणि त्यांनी वळसा घातला होता.

साहेब आनंदात होता. त्याने माझा हात हातात घेतला, आपला काळा चष्मा माझ्या खिशात घातला आणि बोट चुकेल म्हणून घाईने निघून गेला. त्याने काय केलं ते त्याला कधीच कळलं नाही. त्याच्यावर राग धरावा असंही नाही. त्याचा काय दोष?

दादा माझ्याजवळ आला. मागे दहा-बारा माणसं होती, पण ती जरा लांब उभी राहिली.

"तुझ्या बाजूसून गेलो थवो," तो म्हणाला. "तुका दिसलो नाय?"

त्याने मला वाट काढून दिली होती, हे मला नंतर समजलं. त्याला हवं तर विचारता आलं असतं की कपडा का नाही फिरवलास. तसं विचारलं असतं तर मी कदाचित खरं बोललो असतो. दिसला म्हणावं तर मी वाडीच्या तोंडचा घास घालवलेला माणूस. नाही म्हणावं तर माझे डोळे गेले.

"नाय, दादा," मी म्हटलं. "हल्ली सगळा धुरकट दिसता."

"कधीपासून?"

"गेल्या पावसापासून."

"आनी सांगूक नाय आमका?"

"भियालंय."

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वडील गेले तेव्हासुद्धा तो माणसांसमोर रडला नव्हता. मागे वळून तो त्या लोकांना म्हणाला, "त्येका दिसना नाय. त्येचो दोष नाय." थोडं चालल्यावर मात्र त्याने हळूच विचारलं, "तो साहेब, मासो परत सोडल्यान तो? डोक्यान बरो आसा मा?"

वाडी मला एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. उलट सगळे मला जपायला लागले. एकजण शेवग्याच्या पाल्याचा रस घेऊन आला, एकीने मध पाठवला. उंचवट्यावर दुसरा एक गृहस्थ उभा राहू लागला. सज्जन माणूस, पण पक्षी जमल्याशिवाय त्याला मासा दिसत नसे. मला साहेबाचा काळा चष्मा लावून अंगणात बसवलं. लोकांना वाटे, उजेडाचा त्रास होतो बिचाऱ्याला. आणि त्या चष्म्यातून मला माडांच्या फटीतून दिसणारा समुद्र तळापर्यंत वाचता येत होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही असं म्हणतात. आंधळ्याचं सोंग तर फार सोपं. नुसतं बसून राहायचं, बाकी सगळं दुसरेच करतात.

दादाने मला सावंतवाडीला डॉक्टरकडे नेलं. एसटीत खिडकीची जागा मला दिली, आणि मग लक्षात येऊन गप्प झाला. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी तिसऱ्या ओळीवर थांबलो. त्यांनी बत्ती लावून दोन्ही डोळे बराच वेळ पाहिले, परत पाहिले, आणि म्हणाले, "मला ह्यांच्या डोळ्यांत काहीच दोष दिसत नाही. बुबुळ स्वच्छ आहे. आश्चर्य आहे." मला वाटलं, सुटलो. पकडला गेलो, म्हणून सुटलो. पण दादा बाहेर येऊन म्हणाला, "डॉक्टराक गावला नाय म्हणजे ह्या औषधाचा काम न्हय." परतीच्या वाटेवर त्याने मला तलावाच्या काठी बसवून चहा पाजला, आणि तलावात काय काय आहे ते सांगत राहिला. कमळं आहेत, पलीकडे राजवाडा आहे. मी मान हलवत होतो.

मग देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे काही अडलं की गावचा मानकरी सगळ्यांच्या वतीने देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे होकार देतात. त्या दिवशी वाडीतलं झाडून सगळं माणूस आलं होतं. ज्यांच्या ताटातला मासा मी घालवला ते सगळे. बाळंतीण सूनसुद्धा मूल घेऊन दाराशी बसली होती.

"बा देवा म्हाराजा," मानकऱ्याने सुरुवात केली, "ह्या तुझ्या लेकराची नजर मंदावली आसा."

"व्हय म्हाराजा."

"कोणी काय केल्यान आसात, चुकान काय घडला आसात, ता पोटात घाल. आनी त्येची नजर त्येका परत दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हटलं. न म्हणून कसं चालेल? माझ्यासाठीच तर चाललं होतं. देवाला खरं ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघे गप्प होतो. त्या दिवसापासून मी देवळात मान वर करून बघितलेलं नाही.

बायकोला मात्र फार दिवस फसवता आलं नाही. एकदा ती अंगणात गोधडी शिवत होती. सुई पडली. ती हाताने चाचपडत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या डाव्या पायाकडे आसा." तिने सुई उचलली. मग माझ्याकडे बघितलं. सुईत दोरा ओवत म्हणाली, "सांगूचा तर आजच सांगा. उद्या जड जातला." मी आज सांगितलं नाही, उद्याही नाही. तिने परत विषय काढला नाही. मी घरात काही बघून बोललो की ती उठून आत जायची.

वर्षं गेली. गोवा सुटला. रांपणीला पूर्वीसारखा मासा लागेना. नवा बघणारा चुकत नव्हता, त्याला दिसत नव्हतं. दोन्हींत फरक आहे, आणि तो फक्त मी मोजू शकत होतो. माझ्या अंगणातून मी किती थवे जाताना पाहिले त्याचा हिशेब ठेवला नाही. दर वेळी मनात म्हणायचो, आता सांगू. आणि सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? डोळे. साहेब. डॉक्टर. गाऱ्हाणं. दादाचं सगळ्यांसमोरचं रडणं. प्रत्येक महिन्यागणिक ते ओझं वाढत गेलं, आणि मी एका जागी बसून जाडा होत गेलो.

एका वर्षी परत तसाच दुष्काळ पडला. पाण्यात काही नाही. दादा तोवर थकला होता, खांदे उतरले होते. वाडीतले तरुण मुंबईच्या गोष्टी बोलायला लागले होते, आणि दादा म्हणायचा की हे वर्ष असंच गेलं तर रांपण मोडून जाळं वाटून टाकावं लागेल. एका सकाळी मला वाळूवर नेऊन बसवलं होतं, वारा लागावा म्हणून. आणि मालवणच्या बाजूने, तळाला धरून, तो रंग परत सरकत आला. दुसऱ्यांदा. पहिल्यापेक्षाही मोठा.

उंचवट्यावर बघणारा उभा होता. थव्यावर पक्षी उडत नव्हते, म्हणून तो स्वस्थ होता. विडी ओढत होता.

मी उठलो. चष्मा काढला. डोक्याचा कपडा सोडला आणि फिरवला, दोन्ही हातांनी, जसा वडिलांनी शिकवला होता तसा. "रावस," मी ओरडलो. "दादा, रावस. होडी काढा."

मांगरातली माणसं उठून बसली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उंचवट्यावरच्या माणसाकडे. त्याने पाण्यावरून नजर फिरवली आणि मान हलवली. कुणी धावलं नाही. कुणी हसलंही नाही. एकाने दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी म्हटलं आणि दोघांनीही खाली बघितलं.

दादा वाळूतून चालत माझ्याकडे आला. त्याने माझा वर केलेला हात धरून हळू खाली आणला.

"माका दिसता, दादा," मी म्हटलं. "माका सगळा दिसता."

"होय," तो म्हणाला. "होय रे."

त्याच्या तोंडावर मी ते पाहिलं. बायकोने म्हटलं होतं ते जड जाणं. सगळं खरं सांगायला मला दहा वाक्यं लागली असती. थवा समोरून जायला अजून तेवढा वेळ होता, जाळं टाकण्याइतका. साठ माणसं तयार होती. दादा माझा हात धरून उभा होता आणि त्याच्या तोंडावर एवढी माया होती की मला पहिलं वाक्यसुद्धा सुचेना.

"चल घराक," तो म्हणाला. "ऊन लागला तुका."

त्याने माझं कोपर धरलं आणि मला माडांकडे वळवलं. वाळूत रांपणीचा दोर आडवा पसरलेला होता. माझ्या पाठीमागे पाण्यात काय चाललं होतं ते मला बघायची गरज नव्हती.

"हंय दोर आसा," दादा म्हणाला. "पाय उचल."

मी पाय उचलला.